वुडवर्ड रस्त्यावरच्या हिरव्या जीटीओसाठी काकांना आभारपत्र

तीर्थस्वरूप काका यांस,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तुम्ही तुमची जुनी पॉन्टिअ‍ॅक जीटीओ गाडी नव्या मालकाच्या स्वाधीन केलीत, असे काकूंनी फोनवर सांगितले. वयोमानानुसार तो जड क्लच आता गुडघ्याला झेपत नाही, हे कारणही कळले. तेव्हापासून हे पत्र लिहायचे मनात होते. आभार खासगीतही मानता आले असते. परंतु परदेशात नव्याने आलेल्या मराठी विद्यार्थ्यांना तुमच्या पिढीने काय काय दिले, ते इतरांनीही वाचावे असे वाटल्यावरून मी हे उघड पत्र लिहीत आहे. आज मी पुण्यात इंजिन कॅलिब्रेशनचे, म्हणजे इंजिनाला इंधन आणि ठिणगी केव्हा व किती द्यायची ते ठरवण्याचे काम करते. त्यातले गणित मला विद्यापीठाने शिकवले, पण इंजिन ऐकायला तुम्ही शिकवलेत, आणि तेही गाडीत शेजारी बसवून.

मी डेट्रॉइटजवळ राहायला आले ती ऐन जानेवारीत. त्या उपनगरांत स्वतःची गाडी नसलेला माणूस किती परावलंबी होतो, हे तिथे राहिलेल्यांनाच कळेल. वाणसामान, बँक, परवान्याची परीक्षा, सगळीकडे तुम्ही मला तुमच्या रोजच्या साध्या गाडीतून नेत होतात. जीटीओ तेव्हा गॅरेजमध्ये आच्छादनाखाली असायची, कारण बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ जुन्या पत्र्याला गंज चढवते. वसंतातल्या पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांनी रस्ते धुऊन निघाल्याशिवाय तुम्ही तिला बाहेर काढत नसत.

ती १९६८ची गाडी होती, पॉन्टिअ‍ॅक कंपनीने त्या वर्षी आणलेल्या ‘व्हर्डोरो’ हिरव्या रंगाची, ४०० घनइंचांच्या म्हणजे सुमारे ६.६ लिटरच्या व्ही-एट, म्हणजे दोन बाजूंना चार-चार अशा आठ सिलिंडरांच्या इंजिनाची आणि चार गिअरची. तिचा एकेक सिलिंडर ८१९ सीसीचा आहे, हे तुम्ही सांगितलेत तेव्हा मी मनातल्या मनात आमच्या घरच्या मारुती ८०० शी ताडून पाहिले होते. त्या मारुतीचे अख्खे इंजिन ७९६ सीसीचे होते.

किल्ली फिरवल्यावर होणारा तो आवाज मी आधी फक्त चित्रपटांत ऐकला होता. शेजारी बसल्यावर मात्र तो कानांआधी पाठीला आणि पायांच्या तळव्यांना कळला. मला वाटले इंजिनात काही बिघाड असावा, इतके ते ठोके अडखळत येत होते. तुम्ही गाडी तशीच चालू ठेवून कागदावर क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, काढून दाखवलात. आठही सिलिंडर मिळून अगदी समान अंतराने पेटतात, परंतु एका बाजूचे चारच सिलिंडर घेतले तर त्यांत दोन ठोके जवळ येतात आणि मग लांबचा खंड पडतो. धूर दोन बाजूंच्या दोन वेगळ्या नळ्यांतून बाहेर पडतो, म्हणून कानाला ती धडधड असमान लागते. ही गोष्ट मी पुढे पुस्तकांतही वाचली, पण ती समजली त्या सकाळी, त्या कागदावर.

मग आपण डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्याला लागायचो. अमेरिकेतला काँक्रीटचा पहिला एक मैल १९०९ मध्ये याच रस्त्यावर घातला गेला, आणि साठच्या दशकात याच रस्त्यावर रात्री कंपन्यांचे अभियंते आपल्या नव्या गाड्या घेऊन तरुण पोरांच्या गाड्यांशी चढाओढ करायला येत. एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंतच्या त्या शर्यतींच्या हकिकती तुम्ही रंगवून सांगायचात, पण स्वतः कधी वेगमर्यादा ओलांडली नाहीत, हेही मला आवर्जून नोंदवायचे आहे. या गाडीला मुळात ड्रम ब्रेक असतात, वजन दीड टनाहून अधिक, आणि पळण्याची ताकद थांबण्याच्या ताकदीपेक्षा कितीतरी जास्त. तिच्या प्रेमात पडलेल्या माणसाने हे विसरता कामा नये, असे तुम्ही स्पष्ट बजावले होते.

तुमच्या गाडीचा आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, दाखवणारा काटा डॅशबोर्डवर नसून बाहेर बॉनेटवर बसवलेला होता. पॉन्टिअ‍ॅकची ही खासियत. मी त्याच्याकडे पाहायचे नाही, खिडकीबाहेर पाहायचे आणि तुम्ही “आता किती?” असे विचारले की आकडा सांगायचा, हा आपला परिपाठ होता. सुरुवातीला माझे अंदाज हजाराने चुकत. उन्हाळा संपेपर्यंत ते शंभर-दोनशेच्या आत आले, आणि तबलजीला चाटीचा सूर उतरलेला जसा आपोआप जाणवतो तसा आयडलमधला, म्हणजे गाडी उभी असतानाच्या चालीतला, बारीक फरकही मला जाणवू लागला. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, एखाद-दोन अंशांनी मागे गेले आहे किंवा एखादा प्लग नीट पेटत नाही, हे बॉनेट न उघडता ओळखता येते यावर त्यापूर्वी माझा विश्वास बसला नसता.

सर्वांत जास्त मी शिकले ते हवेत इंधन मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरवरून. रॉचेस्टर कंपनीच्या त्या क्वाड्राजेट कार्ब्युरेटरला पुढे दोन छोटी आणि मागे दोन मोठी तोंडे होती. पाय हलका असला की फक्त छोटी तोंडे श्वास घेत आणि इंजिन शहाण्यासारखे चाले. हायवेच्या चढणीला लागताना तुम्ही पाय पूर्ण दाबलात की मागची मोठी तोंडे उघडत, आवाज एकदम खोल होऊन घशातून आल्यासारखा व्हायचा आणि मी सीटच्या पाठीत रुतायचे. मोठी तोंडे उघडताना हवेची झडप जसजशी फिरे तसतसे मीटरिंग रॉड, म्हणजे इंधनाची वाट अडवणाऱ्या सुया, वर उचलले जात आणि इंधन वाढे, म्हणजे हवा आणि इंधन यांचा हिशेब तो धातूचा डबा स्वतःच करत असे. आज आम्ही संगणकातल्या तक्त्यांत हजारो आकडे भरून हेच करतो. माझ्याबरोबरच्या अनेकांना ते आकडे फक्त आकडे वाटतात. मला प्रत्येक आकड्यामागे ते उघडणारे तोंड दिसते.

या गाड्या जन्मल्या कशा, तेही तुम्ही कारखान्याच्या बाजूने सांगायचात. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन घालायचे नाही, असा पॉन्टिअ‍ॅकची मालक कंपनी जनरल मोटर्सचा नियम होता. पॉन्टिअ‍ॅकचे मुख्य अभियंते जॉन डिलोरिअन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८९ घनइंचांचे इंजिन स्वतंत्र गाडी म्हणून न देता टेम्पेस्ट या मध्यम गाडीवरचा सुमारे ३०० डॉलरचा ऐच्छिक संच म्हणून १९६४च्या गाडीला दिले, आणि नियमाला वळसा घातला. हीच पहिली जीटीओ. पाच हजारांचा अंदाज धरलेल्या त्या गाडीचे पहिल्याच वर्षी ३२,४५० नग विकले गेले. मग इतरांच्या दमदार गाड्या आल्या: क्रायस्लरचे ४२६ घनइंचांचे हेमी इंजिन आले, १९६८ मध्ये प्लायमाउथची स्वस्तातली रोडरनर गाडी आली, १९७० मध्ये शेव्हेल गाडीचे ४५० अश्वशक्तीचे ४५४ घनइंचांचे इंजिन आले. त्यानंतर उतरण लागली. तरुणांच्या विम्याचे वाढलेले हप्ते, १९७०चा स्वच्छ हवेचा कायदा, कमी शिशाच्या पेट्रोलसाठी १९७१ मध्ये घटवलेले कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात मिश्रण दाबण्याचे प्रमाण, आणि १९७३ची अरब देशांची तेलबंदी. लिटरला चार-पाच किलोमीटर जाणारी गाडी तेव्हा कोणालाच नको होती, म्हणून त्या काळात नुकत्याच नोकरीला लागलेल्या तुम्हाला ही जीटीओ परवडली.

या सगळ्यात अश्वशक्तीच्या आकड्याची गोष्ट मला आजही कामाला येते. तुमच्या गाडीवरचा ३५० हा आकडा एअर क्लीनर, अल्टर्नेटर, सायलेन्सर असे काहीही न जोडता टेबलावर मोजलेला. १९७२ पासून कंपन्या सगळे जोडून मोजू लागल्या आणि आकडे धाडकन उतरले. इंजिने दुबळी झालीच होती, पण त्यातली काही घट निव्वळ मोजमापाची होती. “कुठलाही आकडा दिसला की आधी विचार, कसा मोजला?” हे तुमचे वाक्य माझ्या प्रयोगशाळेत प्रत्येक नव्या मुलाला ऐकावे लागते.

तुमची या यंत्रांची ओढ कुर्ल्यातून आलेली होती, ते मला नंतर कळले. तुमचे वडील प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये फिटर होते, आणि त्या कारखान्यात क्रायस्लरच्या परवान्याने डॉज, प्लायमाउथ आणि डिसोटो गाड्या जोडल्या जात, हे तुम्ही किती अभिमानाने सांगायचात! १९६५च्या कायद्याने अमेरिकेची दारे उघडल्यावर तुम्ही मिशिगनला शिकायला गेलात. तुमच्या वेळी तिथे शेजारच्या सीटवर बसवणारे कोणीच नव्हते.

आणखी एका गोष्टीचे आभार मला वेगळे मानायचे आहेत. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्डवर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, तिथे मी एखाद्या मालकाला कॅमशाफ्टबद्दल, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या दांड्याबद्दल, विचारले की तो उत्तर तुमच्याकडे पाहून द्यायचा. तुम्ही दर वेळी शांतपणे सांगायचात, “प्रश्न हिचा आहे, हिला सांगा.” पुढे ज्या ज्या बैठकीत माझे म्हणणे कोणी दुसऱ्याकडे वळवले, तिथे मी तेच शांत वाक्य माझ्यासाठी आणि माझ्या हाताखालच्या मुलींसाठी वापरले आहे.

२०१० मध्ये पॉन्टिअ‍ॅकच्या गाड्या बनणे बंद झाले, तेव्हा तुम्ही फारसे बोलला नाहीत, फक्त त्या रविवारी फेरी लांबवलीत. या गाड्यांचा धूर आणि तहान यांचे समर्थन मी करणार नाही. माझी नोकरीच धूर कमी करण्याची आहे आणि तुम्हीही कधी ते समर्थन केले नाहीत. तरीही इंधन जळते म्हणजे नेमके काय होते, ते मला त्या हिरव्या गाडीने दाखवले, आणि तिच्यातली ती जागा तुम्ही मला मोकळ्या मनाने दिलीत. त्याबद्दल मी तुमची आणि दर फेरीला थर्मासभर चहा करून देणाऱ्या काकूंची मनापासून ऋणी आहे.

टायमिंग आणि ठिणगी पाडणाऱ्या पॉइंट्सच्या नोंदींची तुमची वही नव्या मालकाला दिली असेलच. तिची छायाप्रत मला पाठवता आली तर पाठवावी. हिवाळ्यात पुण्याला याल तेव्हा एक सकाळ आमच्या प्रयोगशाळेसाठी राखून ठेवा. तिथली मुले काट्याकडे न पाहता आरपीएम सांगायला शिकत आहेत, आणि त्यांची परीक्षा तुम्ही घ्यावी अशी माझी इच्छा आहे.

काकूंना साष्टांग नमस्कार.

आपली नम्र,
पुण्याहून तुमची विद्यार्थिनी