गव्याच्या राज्यातल्या वीतभर सापासाठी

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

गेल्या आषाढात राधानगरीच्या बाजूला गेलो होतो. घाटरस्त्याकडेच्या नव्या सिमेंटच्या गटारात एक साप दिसला. वीतभर लांब, करंगळीएवढा जाड, काळपट. अंग हललं की निळी-जांभळी झाक मारायची. टोकदार तोंड भिंतीला लावून पुढं सरकत होता, वर चढायला काही जमेना. शेजारी काम करणारा गडी फावडं उचलून म्हणाला, "मांडूळ हाय, दोन तोंडाचं!"

मांडूळ नव्हतं, खापरखवल्या होता. याची शेपटी तिरकी छाटल्यासारखी, तिच्यावर खरबरीत खवल्यांची ढाल, अन् ढालीला चिकटलेला चिखलाचा गोळा. बिळात शिरला की तोच गोळा मागचं दार लावतो. लोकांना ते दुसरं तोंड वाटतं आणि बिचारा फुकट मरतो. विष नाही. गांडुळं खातो, अंडी न घालता थेट पिल्लं देतो. या कुळातले साप भारताचं द्वीपकल्प आणि श्रीलंका सोडून जगात कुठंच नाहीत. गड्याला हे सांगितल्यावर त्यानंच तो फावड्यावर घेऊन पाचोळ्यात सोडला. बघता बघता मातीत गडप.

साहेब, 2012 साली राधानगरी अभयारण्य जागतिक वारशात गेलं. इथं पाट्या गव्याच्या, पर्यटक गव्याचे. त्याबद्दल तक्रार नाही. पण गवा गटार ओलांडतो. मातीत भुयार खणणाऱ्या या जिवाला मऊ ओली माती लागते, दोन फुटी उभं सिमेंट त्याला कड्यासारखं. पावसात गांडुळं वर येतात, मागोमाग हाही येतो, आणि नेमका तेव्हाच सापडतो.

मागणी छोटी आहे. जंगलातून जाणाऱ्या रस्त्यांच्या गटारांची जंगलाकडची बाजू उतरती, दगडी पिचिंगची, म्हणजे दगड बसवून केलेली, असावी. जिथं सिमेंट झालंय, तिथं अधूनमधून दगडमातीचा उतार द्यावा. जून ते सप्टेंबर, दरड कोसळली नसेल तर, कडेची माती जेसीबीनं खरवडू नये. रस्ता बांधकाम खात्याचा, हे ठाऊक आहे. पण जंगल आपलं आहे, आणि अंदाजपत्रक मंजूर होण्याआधी एक पत्र आपल्याकडून जाऊ शकतं.

परवा पुन्हा तिथून आलो. गटार आणखी पुढं गेलंय, दोन्ही भिंती उभ्याच.

आपला,
एक कोल्हापूरकर