जिवाणूंची गणपूर्ती म्हणजे बहुमत नव्हे

महोदय,

पाण्यातले आर्सेनिक ओळखून चमकणाऱ्या जिवाणूंवरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. विषय घेतलात याचा मनापासून आनंद झाला. पण ‘जिवाणू बहुमताने निर्णय घेतात’ हे त्यातले विधान चुकीचे आहे. तिथे मतदान नसते. असते ती गणपूर्ती (कोरम), आणि तीही डोकी मोजून होत नाही.

मी रत्नागिरीत २८ वर्षे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले. थंडीत मिरकरवाड्याहून ताजी माकुलं आणून मिठाच्या पाण्यात अर्धवट बुडवून गार जागी ठेवायचो. दुसऱ्या दिवशी काळोख्या खोलीत दहा मिनिटे डोळे सरावले की कातडीवर निळसर-हिरवे ठिपके दिसत. मुली आधी कुजबुजत, मग एकदम गप्प होत. नंतर व्हिब्रिओ फिशेरी या चमकणाऱ्या समुद्री जिवाणूचे कल्चर ताज्या ब्रॉथमध्ये, म्हणजे पोषक द्रवात, घालायचो. फ्लास्क कितीतरी वेळ काळाच. आत जिवाणू वाढताहेत, उजेड मात्र नाही. प्रत्येक पेशी एक बारीक रेणू बाहेर सोडत असते. तो पुरेसा साचला की सगळ्यांचे दिवे लागतात. नील्सन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज या संशोधकांनी हे १९७० मध्ये दाखवून दिले.

यात ‘साचला’ हा शब्द महत्त्वाचा. चिंचोळ्या जागेत थोड्या पेशींनीही गणपूर्ती होते. वाहत्या पाण्यात पुष्कळ असूनही होत नाही, कारण रेणू वाहून जातो.

हीच यंत्रणा प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या ई. कोलाय जिवाणूमध्ये बसवता येते आणि आर्सेनिक ओळखण्याशी जोडता येते. एका पेशीचा उजेड डोळ्यांना दिसण्याइतका नसतो, म्हणून तिला सोबतिणींची गरज. अमेरिकेत सॅन दिएगो येथील संशोधक जेफ हेस्टी यांच्या गटाने २०१२ मध्ये बारीक खाचांच्या चिपवर शेकडो वसाहती एका तालात लुकलुकवल्या, आणि आर्सेनिक आले की तो ताल बदलतो हे दाखवले. काम खरोखर देखणे आहे.

पण ‘दिवा लागला नाही तर पाणी बिनधास्त प्या’ हे लेखातले वाक्य वाचून मला झोप लागली नाही. पिण्याच्या पाण्यातल्या आर्सेनिकसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. बांगलादेशात, पश्चिम बंगालमध्ये त्याहून कितीतरी अधिक आर्सेनिक असलेले बोअरचे पाणी लोक वर्षानुवर्षे प्यायले, कारण ते दिसायला, चवीला स्वच्छ होते. दिवा न लागण्याची कारणे अनेक असतात. पाण्यात टीसीएल (जंतुनाशक ब्लीचिंग) पावडर जास्त पडली असेल तर जिवाणूच मेलेले असतात. कधी ते पुरेसे वाढलेले नसतात.

म्हणून प्रत्येक चाचणीत दुसरी नळी हवी. तेच पाणी, तेच जिवाणू, फक्त वरून मोजून घातलेले आर्सेनिक. ती नळी उजळलीच पाहिजे. ती काळी राहिली तर पहिल्या नळीवरून काहीही ठरवू नये, चाचणी नव्याने करावी. पुढच्या पुरवणीत एवढी दुरुस्ती ठळक छापावी, ही विनंती.

आपली,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका, रत्नागिरी