इन्कॉग्निटोमुळे डाउनलोड पुसले जात नाहीत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतलं प्रवेश अर्जांबद्दलचं टिपण वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहिते आहे. ‘सायबर कॅफेत इन्कॉग्निटो विंडोत काम करा, झालं की बंद करा, मागे काहीच उरत नाही’ असं तुम्ही ठळक चौकटीत छापलंत. हे चूक आहे. ऐन अर्जांच्या दिवसांत अशी चूक फार महागात पडते.

इन्कॉग्निटो म्हणजे ब्राउझरची खासगी खिडकी. ती बंद केली की हिस्ट्री, कुकीज, फॉर्ममध्ये भरलेली माहिती ब्राउझर ठेवत नाही, इथवर तुमचं बरोबर. पण उतरवून घेतलेली फाइल जागच्या जागी राहते. क्रोममध्ये इन्कॉग्निटो उघडलं की पहिल्याच पानावर डाउनलोड आणि बुकमार्क सेव्ह होतील, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. टिपण लिहिणाऱ्यांनी निदान ते पान तरी वाचायला हवं होतं.

गेल्या वर्षी भाचीचा इंजिनिअरिंगचा अर्ज भरायला एसटी स्टँडसमोरच्या एका कॅफेत गेलो होतो. तिथल्या मुलानं इन्कॉग्निटो उघडून दिलं आणि सांगितलं, ‘मॅडम, यात काही राहत नाही, बिनधास्त भरा.’ अर्ज भरला, पावती पेन ड्राइव्हवर घ्यायला डाउनलोडचा फोल्डर उघडला, तर तिथं गावातल्या किती मुलांची कागदपत्रं पडलेली! दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, उत्पन्नाचे दाखले, जातीचे दाखले, नॉन-क्रिमिलेअर, एका मुलीचा फोटो आणि तिची सही, दोन्ही वेगवेगळ्या फाइलींत. आणि ई-आधार, म्हणजे आधार कार्डाची उतरवून घेतलेली फाइल. ई-आधारला पासवर्ड असतो, हे खरं. पण तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. नाव आणि जन्मतारीख दोन्ही त्याच फोल्डरमधल्या भरलेल्या अर्जावर छापलेली. म्हणजे कुलपाला लागूनच किल्ली टांगलेली.

एवढ्यावरच थांबलं नाही. खाली दुसरी एक इन्कॉग्निटो विंडो मिनिमाइज करून ठेवलेली होती, तिच्यात आधीच्या मुलाचा ईमेल उघडाच होता. इन्कॉग्निटोच्या सगळ्या खिडक्या मिळून एकच सेशन चालतं. त्यातली शेवटची खिडकी बंद होईपर्यंत कुठलंही लॉगिन आपोआप सुटत नाही. आपली एक खिडकी बंद करून उठलेल्या मुलाला हे कसं कळणार? त्याला तर तुमच्यासारख्या जाणत्या वर्तमानपत्रानंच सांगितलंय की मागे काही उरत नाही.

आणि प्रिंटसाठी सगळी पोरं आपले कागद कॅफेच्या व्हॉट्सॲप नंबरवर पाठवतात, त्याचं काय? ते तर कुठल्याच विंडोच्या हातात नाही.

मी त्या मुलाला फाइली काढून टाकायला लावल्या. त्यानं त्या सिलेक्ट करून डिलीट केल्या, म्हणजे रिसायकल बिनमध्ये टाकल्या. बिनही रिकामा करायला मी उभी राहून लावलं. मुलगा वाईट नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूरु कार्यालयानं हेच सांगितलं होतं: कॅफेतल्या संगणकावर ई-आधार उतरवून घेऊ नका, घेतलंच तर सगळ्या प्रती कायमच्या काढून टाका. त्याच पत्रकात आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका असंही होतं, त्यावरून गदारोळ झाला आणि दोनच दिवसांत केंद्रानं ते पत्रक मागे घेतलं. पत्रक गेलं, त्याच्याबरोबर हा शहाणपणाचा सल्लाही गेला, याचं मला तेव्हाही वाईट वाटलं होतं. निदान तुम्ही तरी तो पुन्हा छापायचा होता. शेवटचे चारच आकडे दिसणारं ‘मास्क्ड’ आधार मिळतं, हेही तुमच्या टिपणात नाही.

‘तुम्ही काय पाहता ते कुणालाच कळत नाही’ हे टिपणातलं वाक्य तर त्याहून वाईट. इंटरनेट कंपनीला कळतं, कॉलेजच्या नेटवर्कवर कळतं, ज्या साइटवर जाल तिलाही कळतं. इन्कॉग्निटोतही माहिती गोळा केल्याच्या आरोपावरून २०२० मध्ये अमेरिकेत क्रोम बनवणाऱ्या गूगलवर खटला झाला. एप्रिल २०२४ मध्ये समझोत्याच्या अटी कोर्टात दाखल झाल्या, त्यात इन्कॉग्निटोत गोळा झालेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कंपनीनं मान्य केलं. तिथली सूचनाही बदलावी लागली. जे कंपनीही म्हणत नाही, ते तुम्ही अजून वाचकांना सांगताय.

आता लिहितेच आहे तर आणखी एक. तुमच्या ई-पेपरवर हल्ली एक बातमी वाचायची तरी मोबाइल नंबर आणि ओटीपी मागतात. त्या नंबरचं पुढे काय होतं, हे मला तिथं कुठेच सापडलं नाही. गोपनीयतेवर टिपणं छापणाऱ्यांनी हे आधी सांगावं.

माझी मागणी साधी आहे. येत्या पुरवणीत त्याच जागी, त्याच आकाराच्या चौकटीत दुरुस्ती छापा: फाइल पेन ड्राइव्हवर घ्या, शिफ्ट दाबून डिलीट करा, प्रत्येक खात्यातून स्वतः लॉगआउट करा, सगळ्या खिडक्या बंद झाल्या की नाही बघूनच उठा. आमच्या वर्गातली निम्मी मुलं येत्या आठवड्यात कॅफेतच अर्ज भरणार आहेत, तेव्हा दुरुस्ती त्याआधी यावी.

आपली,
एक शिक्षिका, कराड