वस्तादांच्या नातीचा प्रश्न

कोल्हापूर

प्रिय सुभ्या,

फोनवर बोललो असतो, पण तू मध्येच "बरं ऐक" म्हणून तोडतोस. म्हणून लिहितोय. तब्येत ठीक, गुडघा कुरकुरतो एवढंच.

वस्तादांची नात राज्य स्पर्धेत पहिली आली, कळलंच असेल. दुसऱ्या दिवशी पेपरात मोठी बातमी. एवढीशी वाडी, कौलारू घर, दारातली म्हैस, बापाचे कष्ट. सगळं खरं. पोरीनं नीट वाचली आणि मला विचारलं, "काका, मी कुस्ती मारली कशी, ते कुठं लिहिलंय?"

कुठंच नव्हतं रे. गुणांवर मागं होती. समोरची रेटत आली, तशी ही तिच्या हाताखालून खाली बसली, एकेरी पट काढला, म्हणजे एक पाय धरून पाडलं, आणि सुटायच्या आत भारंदाज फिरवला, कंबरेला मिठी घालून गरकन उलटी केली. अख्खी तालीम उभी राहिली. एवढ्यावर दोन ओळी नकोत?

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. टोकियो ऑलिंपिकात आपल्या दीपक पुनियाची कांस्यपदकाची कुस्ती गेली, त्या रात्री आपण भांडलो होतो, आठवतंय? सगळीकडे एकच मथळा, दीपकचं पदक हुकलं. मी म्हणालो, घेतलं कुणी ते लिहा की! माइल्स अमीन, सॅन मारिनोचा. आपल्या कागलाएवढी वस्ती असलेला देश. दीपक पुढं होता आणि अगदी शेवटच्या सेकंदांत या गड्यानं पायाला हात घालून दोन गुण काढले. अशी कुस्ती आपल्या खासबाग मैदानात झाली असती तर लोकांनी फेटे उडवले असते. तू पडलास पेपरवाला, म्हणालास, वाचकाला आपल्या माणसाशी मतलब. बरं, ज्यांनी त्या देशाबद्दल लिहिलं त्यांनी तरी काय लिहिलं? पाच खेळाडू, तीन पदकं, लोकसंख्येच्या मानानं किती. डावाचं नाव नाही.

पॅरिसलाही तेच. ३ ऑगस्ट २०२४ ला ज्युलियन आल्फ्रेड शंभर मीटर १०.७२ सेकंदांत पळाली. सेंट लुसियाचं पहिलंच ऑलिंपिक पदक, तेही सोन्याचं. बातम्यांचा सूर काय, तर अमेरिकेची शकारी रिचर्डसन हरली. त्याच संध्याकाळी, त्याच मैदानावर, डॉमिनिकाच्या थिया लाफाँडनं तिहेरी उडीत १५.०२ मीटर मारले. तिच्याही देशाचं पहिलं पदक. दोघींना मिळून एक चौकट, "चिमुकल्या बेटांची कमाल". अरे, कमाल बेटांची कशी? पळाली ती, उडी मारली हिनं!

आणि अँडरसन पीटर्स? ग्रेनाडाचा. भालाफेकीत २०१९ आणि २०२२ चा जगज्जेता, २०२२ ला तर नीरजला मागं टाकून. त्याच वर्षी घरी गेला असताना त्याला बोटीवर मारहाण करून पाण्यात फेकलं होतं. त्यातून उठून पॅरिसला ८८.५४ मीटर टाकून कांस्य घेतलं. आपल्याकडं मात्र तो अर्शद आणि नीरजच्या खाली तिसरं नाव, बस्स.

तू म्हणशील, एजन्सीची बातमी येते, पान लागायला वीस मिनिटं असतात. मान्य. छोट्या देशाचा पत्रकार तिथं क्वचितच असतो, हेही मान्य. पण आपल्याच पैलवान खाशाबा जाधवांचं काय केलं आपण? त्यांना ऑलिंपिकला पाठवायला प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. १९५२ ला हेलसिंकीत खाशाबा लढले कसे, ते विचार कुणाला. गरिबी, घर, वाडी, सगळं आम्ही जपून ठेवलं आणि कुस्ती सांडली. मला याचं फार वाईट वाटतं सुभ्या. पोरगी जन्मभर ज्याच्यामागं लागते, तेच बातमीत नसतं. "एवढ्याशा ठिकाणची" म्हटलं की कौतुक झालं, आता खेळ बघायची गरज नाही, असं होतं.

तुझ्या पुरवणीचं काय झालं? धाकटीची बारावी यंदाच ना? आईंना सांग, गूळ पाठवतोय, चिकीचा. बंड्यानं शेवटी ट्रॅक्टर घेतला, आता भेटला की टायरवरच बोलतो.

एक काम कर. पोरीच्या फायनलचा व्हिडिओ पाठवतो. तुझ्या पानावर तीनशे शब्द तरी दे, पण फक्त कुस्ती. गावाचं नाव एकदाच, शेवटी. मथळ्यात "भारंदाज" हवा. उपसंपादकानं काढला तर मला फोन लाव, मी बोलतो त्याच्याशी.

तुझा,
दिल्या