आधी तुझी तपासणी

चि. सुहास यास अनेक आशीर्वाद.

घरात सारखी माणसं, आणि तुझी शिफ्ट कधी दिवसाची कधी रात्रीची. फोनवर हे बोलणं जमेना, म्हणून लिहिते.

तुम्हाला मूल होत नाही म्हणून मधुराच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली, नळ्या मोकळ्या आहेत का तेही बघून झालं. आता काकूंनी तिला देवीची ओटी भरायला न्यायचं ठरवलंय. खुशाल न्या. पण या सगळ्यात तुझी एकही तपासणी नाही! आयुष्यभर नर्सची नोकरी केलेल्या बाईनं हे गप्प बसून बघायचं?

तू कीटकनाशकांच्या प्लांटमध्ये आहेस, म्हणून एक हकिगत सांगते. कॅलिफोर्नियात लॅथ्रॉप गावी ऑक्सिडेंटल कंपनीचा कारखाना होता. तिथे डीबीसीपी हाताळलं जायचं, जमिनीतल्या सूत्रकृमींवरचं औषध. १९७७ साली त्या विभागातल्या माणसांच्या ध्यानात आलं की आपल्यापैकी कुणालाच मूल होत नाहीये. हे हुडकलं कामगारांनीच, एकमेकांशी बोलून. मग वीर्य तपासलं तर काहींत शुक्राणू अजिबात नाहीत, काहींत नावापुरते. माणसं एरवी धडधाकट, कशाचीही तक्रार नाही. आणि या औषधानं उंदरांची वृषणं आक्रसतात, हे १९६१ मध्येच छापून आलेलं! मला सगळ्यात जास्त राग त्याचा येतो. एवढं उघडकीला आल्यावरही कोस्टा रिकातल्या केळीच्या बागांत ते वापरलं जात राहिलं. काम सुटल्यावर लॅथ्रॉपच्या काही जणांचे शुक्राणू वाढले, पण जे शून्यावर गेले होते त्यांतल्या बऱ्याच जणांचे परत आले नाहीत.

तुमच्याकडे डीबीसीपी नाही हे मला ठाऊक आहे. तुझ्या कामामुळेच अडलंय असंही मी म्हणत नाही. तपासल्याशिवाय कोण सांगणार? तपासणी साधी आहे. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, आणि एकदा कमी आलं म्हणून घाबरायचं नाही, काही आठवड्यांनी पुन्हा करायची. एका मिलीलीटरमध्ये साधारण १ कोटी ६० लाख किंवा जास्त शुक्राणू असले तर आकडा ठीक समजतात.

आकडा ठीक आला म्हणून सगळं ठीक, असंही नाही. चेक देशात तेप्लित्से भागात कोळशाच्या धुरानं हिवाळ्यात हवा फार खराब व्हायची. तिथल्या तरुणांच्या शुक्राणूंतला डीएनए अशा दिवसांनंतर जास्त तुटलेला आढळला, तोही नेहमीच्या तपासणीत बाकी काही वावगं दिसत नसताना. पूर्ण तयार झालेल्या शुक्राणूला आपला तुटलेला डीएनए दुरुस्त करता येत नाही. असं नुकसान जास्त असलं तर गर्भ राहायला अडचण येऊ शकते, कधी राहिलेला पडतोही. तेव्हा उद्या मधुराला दिवस गेले आणि काही बिनसलं, तरी बोट तिच्याकडे दाखवू नका. तुझी सिगरेटसुद्धा हेच नुकसान करते, ती मला दिसत नाही असं समजू नकोस.

शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात. म्हणजे आज काळजी घेतलीस तर फरक पडायला तीनेक महिने जातील. बॉयलर सूट घरी आणून मधुराला धुवायला देतोस ते आधी बंद कर, तो कारखान्यातच धुतला गेला पाहिजे. अंघोळ करूनच बाहेर पड. मास्कचं कार्ट्रिज वास यायला लागेपर्यंत वापरू नकोस. आणि डॉक्टरांकडे जाताना तू हाताळतोस त्या सगळ्या रसायनांची नावं लिहून ने, सुपरवायझरकडे त्यांची एमएसडीएस, म्हणजे सुरक्षेची माहितीपत्रकं, मागून घे. डॉक्टर आपणहून विचारतीलच असं नाही.

तुझ्याबरोबर शिफ्टला असलेल्या लग्न झालेल्या पोरांशीही एकदा बोल. लाज वाटेल, वाटू दे.

काकूंना काय सांगायचं ते मी बघते. रिपोर्ट आला की आधी मधुराला दाखव, मला मागाहून कळवलंस तरी चालेल.

तुझी,
आई