हात धुतले, हवेचे काय?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नव्या श्वसनविषाणूची बातमी आली की सोबत हात धुण्याच्या सूचनांची चौकट हमखास असते. त्या चौकटीत खिडकी मात्र क्वचितच दिसते. मी इमारतींच्या वातानुकूलनाचे काम करतो, म्हणून हे पत्र.

२००३ मध्ये सार्स या श्वसनरोगाच्या साथीत हाँगकाँगच्या अमोय गार्डन्स या गृहसंकुलात तीनशेहून अधिक लोकांना लागण झाली. तपासात बोट गेले ते न्हाणीघराच्या जाळीखालच्या ट्रॅपकडे, म्हणजे पाणी साठवून पाइपातली हवा अडवणाऱ्या वळणाकडे. फरशी नुसती पुसून घ्यायची सवय असल्याने मोरीत पाणी जात नव्हते आणि ट्रॅप कोरडे पडले होते. एक्झॉस्ट पंखा लावला की सांडपाण्याच्या पाइपातली दूषित हवा तिथून घरात ओढली जाई. असा निष्कर्ष हाती असताना इमारतींतल्या हवेचा विचार तेव्हाच गांभीर्याने व्हायला हवा होता.

तो झाला नाही. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाच्या सरावाला ६१ जण जमले. अडीच तास गायले. त्यांतले ५३ आजारी पडले, दोघे दगावले. तरीही त्याच महिन्याच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटना कोविड हवेतून पसरत नाही, असे ठासून सांगत होती. हवेतला प्रसार स्पष्ट शब्दांत मान्य व्हायला २०२१ उजाडले. तोवर लोक भाजी धूत बसले, याचा मला आजही संताप येतो.

साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच थंड करून फिरवतो. हे सांगितले की बहुतेक गिऱ्हाइके चकित होतात. माझ्याकडचा कार्बन डायऑक्साइड मीटर उघड्यावर सव्वाचारशे पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आसपास आकडा दाखवतो. दारे लावून बैठक सुरू झाली की तो बघता बघता हजारापलीकडे जातो. म्हणजे तेवढी माणसे एकमेकांनी सोडलेला श्वास आत घेत असतात.

वुहानमधल्या न्यूमोनियाची खबर जगाला ३१ डिसेंबर २०१९ रोजी लागली आणि १३ जानेवारीला चीनबाहेरचा पहिला रुग्ण थायलंडमध्ये नोंदला गेला. तेव्हा लस नव्हती. पण खिडकी उघडायला विषाणूची ओळख पटावी लागत नाही.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. शाळा, दवाखाने, कार्यालये यांबद्दल लिहिताना तिथे ताजी हवा किती येते आणि ती शेवटची कधी मोजली, हे संबंधितांना जरूर विचारावे आणि मिळालेले उत्तर छापावे.

आपला,
एक वातानुकूलन अभियंता