सुटे भाग नाहीत, तर करसवलत कशासाठी?

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आलिशान विद्युत मोटारींच्या दुरुस्तीला लागणारा वेळ हा आपल्या बहुसंख्य वाचकांच्या जिव्हाळ्याचा विषय नाही, याची मला पूर्ण कल्पना आहे. ज्या जिल्ह्यात दरवर्षी ऊसदरासाठी रस्त्यावर उतरावे लागते आणि पावसाळ्यात पंचगंगेच्या पातळीकडे डोळे लावून बसावे लागते, तेथे सत्तर लाखांच्या गाडीच्या मालकाने गाऱ्हाणे मांडावे हे अनेकांना खटकेल, आणि त्यांना मी दोष देणार नाही. तरीही लिहितो आहे, कारण या गाड्यांवर राज्य सरकार जो कर सोडून देते तो एसटीने प्रवास करणाऱ्यांच्याही वाट्याचा पैसा आहे. दुसरे कारण असे की या व्यवसायाची दुसरी बाजू मी रोज पाहतो. शिरोली औद्योगिक वसाहतीत माझी लहानशी फाउंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना, आहे आणि गेली बावीस वर्षे आम्ही वाहन उद्योगासाठी कास्टिंग ओततो.

गेल्या वर्षी 12 ऑगस्ट रोजी पुण्याहून परतत असताना, सहापदरीकरणाच्या कामासाठी वळवलेल्या रस्त्यावर, कराडच्या अलीकडे एक दगड माझ्या गाडीच्या पोटाला लागला. पडद्यावर लाल इशारा उमटला आणि गाडी बाजूला घेऊन उभी करावी लागली. विद्युत गाडी चाके जमिनीवर ठेवून ओढत नेता येत नाही, कारण चाके फिरली की मोटर वीज निर्माण करू लागते. त्यामुळे सपाट तळाचा ट्रक येईपर्यंत साडेचार तास थांबलो आणि गाडी पुण्याच्या सेवा केंद्रात पोहोचली. या कंपनीच्या गाडीची बॅटरी उघडण्याची परवानगी असलेला तंत्रज्ञ कोल्हापुरात नाही, सांगलीत नाही आणि साताऱ्यातही नाही. पाच दिवसांनी तपासणीचा अहवाल मिळाला. बॅटरीतील एकही सेल बिघडलेला नव्हता, इन्सुलेशनची चाचणीही ठीक आली होती. बॅटरीखालची संरक्षक प्लेट वाकली होती आणि शीतक द्रवाच्या नळीचा एक जोड तडकला होता. हे दोन भाग बदलले की गाडी रस्त्यावर येणार होती. हे दोन्ही भाग भारतात शिल्लक नव्हते.

गाडी मला 27 डिसेंबरला परत मिळाली. मधले दिवस 137. प्रथम तीन आठवडे सांगितले गेले, मग गणपती, मग दसरा, मग दिवाळी, आणि दिवाळीनंतर सण संपल्यामुळे असेल कदाचित, 'लवकरच' एवढेच सांगितले जाऊ लागले. यातील एकही तारीख मला लेखी मिळाली नाही. सेवा केंद्रातील मुले सौजन्याने बोलत होती आणि त्यांच्या हातात काही नव्हते हेही दिसत होते. त्यांच्या संगणकावर त्या भागापुढे 'मागणी प्रलंबित' याखेरीज काहीच उमटत नव्हते.

नोव्हेंबरमध्ये पुण्यास गेलो असता ती वाकलेली प्लेट मी हातात घेऊन पाहिली. फाउंड्रीवाल्याची सवय. चांगल्या प्रतीच्या ॲल्युमिनियमची, यंत्रावर नीट घडवलेली, पण जगावेगळी म्हणावी अशी वस्तू ती नव्हे. ज्या कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर आहे, जेथे बंद पडलेल्या ऑइल इंजिनचा नमुना दाखवला की चार दिवसांत नवा भाग हातात पडतो, तेथल्या माणसाने अशा प्लेटसाठी साडेचार महिने थांबावे यातला विरोधाभास मला तेव्हा फार जाणवला. अर्थात बॅटरीच्या कवचावर कोणीही हात चालवावा असे माझे म्हणणे नाही. डिसेंबर 2022 पासून आपल्याकडे बॅटरीच्या सुरक्षेची सुधारित मानके टप्प्याटप्प्याने लागू झाली आहेत आणि ती आवश्यकच आहेत. परंतु एखादी वस्तू फक्त मीच देईन असे कंपनी म्हणत असेल, तर ती वेळेत देण्याचे बंधनही तिच्यावर आपोआप येते, असे मला वाटते.

याच कंपन्या आपल्या पुरवठादाराशी कशा वागतात हे आपल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. आम्हाला आठवड्याचे वेळापत्रक येते, त्यात दिवस नेमलेला असतो आणि बड्या पुरवठादारांना तर तासही नेमून दिलेला असतो. ठरलेला माल दोन दिवस उशिरा गेला, आणि त्यामुळे पुढची असेंब्ली लाइन थांबली, तर डेबिट नोट येते, म्हणजे नुकसानीची रक्कम आमच्या बिलातून कापली जाते. महापुरात महामार्ग बंद असला तरी खुलासा लेखी द्यावा लागतो. एवढेच नव्हे, मॉडेल बंद झाल्यानंतरही कित्येक वर्षे त्याचे सुटे भाग पुरवत राहण्याची अट आमच्या करारात असते. माझ्या शेडच्या माळ्यावर दहा-दहा वर्षे न हललेले पॅटर्न (ज्यांवरून ओतकामाचे साचे करतात ते नमुने) त्यासाठीच जपून ठेवलेले आहेत. म्हणजे सुट्या भागांचे नियोजन कसे करावे, उशिराची किंमत कशी मोजावी आणि ती कोणाकडून वसूल करावी, हे सारे शास्त्र या उद्योगाला तोंडपाठ आहे. ते शास्त्र पुरवठादारापर्यंत येऊन थांबते आणि ग्राहकाच्या बाजूला वळतच नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

कंपन्यांच्या अडचणी खोट्या आहेत असे मी म्हणणार नाही. आलिशान विद्युत गाड्या आपल्याकडे थोड्याच विकल्या जातात, त्यांतील बऱ्याचशा तयार स्वरूपात आयात होतात आणि प्रत्येक भागाचा साठा येथे ठेवणे खर्चाचे असते. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या एप्रिल 2016 पासून प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवता येत नाहीत, मालवाहू विमानातूनही त्या मर्यादित चार्जिंगवरच जातात. त्यामुळे मोठी बॅटरी बहुधा समुद्रमार्गेच येते. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे युरोपहून येणारी अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली आणि त्यात दहा-पंधरा दिवस वाढले. एप्रिल 2025 मध्ये चीनने दुर्मीळ मृदाधातूंच्या निर्यातीवर निर्बंध घातल्यावर मोटरमधील चुंबकांचाही प्रश्न उभा राहिला. हे सर्व मान्य. परंतु माझ्या गाडीला हवी असलेली प्लेट लिथियमची नव्हती आणि चुंबकाचीही नव्हती. ती विमानाने तीन दिवसांत येऊ शकली असती, जर ती कोठेतरी ठेवलेली असती. आपल्याकडच्या रस्त्यांवर गाडीचे पोट, बंपर, पुढची काच आणि दिवे हेच आधी फुटणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

या काळात बँकेचा हप्ता थांबला नाही. विम्याची मुदतही सरत राहिली. पर्यायी गाडी सात दिवस मिळाली, पुढे 'धोरणानुसार' परत घेतली गेली. विमा कंपनीने दुरुस्तीचा खर्च मान्य केला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सर्वसाधारण मोटार विम्यात गाडी उभी राहिल्याच्या दिवसांची भरपाई नसते, आणि दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या विमित मूल्याच्या पाऊणपटीच्या पलीकडे गेला तर ती पूर्ण निकामी धरली जाते. वाकलेल्या प्लेटऐवजी संपूर्ण बॅटरी बदलण्याचा सल्ला दिला गेला असता, तर एक धडधाकट गाडी भंगारात गेली असती. तसे झालेलीही उदाहरणे आमच्या व्यवसायात ऐकू येतात. जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. विद्युत गाडी विकत घेताना वस्तू व सेवा कर 5 टक्के लागतो, आणि तिचा सुटा भाग घेताना 18 टक्के. पर्यावरणाच्या नावाने दिलेली सवलत नवी गाडी घेणाऱ्याला मिळते, जुनी नीट करून वापरणाऱ्याला मिळत नाही.

बाहेरच्या गॅरेजात जावे, तर तेथे कुलूप वेगळ्या प्रकारचे आहे. दोषनिदानाचे सॉफ्टवेअर कंपनीकडे असते आणि अनेक भाग बसवल्यानंतर गाडीच्या संगणकाला त्यांची ओळख करून द्यावी लागते. तोपर्यंत गाडी तो भाग स्वीकारत नाही. हा प्रश्न आजचा नाही. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. पुढे ते प्रकरण अपिलांत गेले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये 'दुरुस्तीचा अधिकार' या विषयासाठी समिती नेमली, तेव्हा निवडलेल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारे, मोबाइल आणि घरगुती उपकरणांबरोबर मोटारीही होत्या, आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचे संकेतस्थळही सुरू झाले. मात्र दुरुस्तीसुलभतेचा निर्देशांक ठरवण्याचा अहवाल मे 2025 मध्ये आला तो मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांपुरता. मोबाइलला जो न्याय मिळू घातला आहे त्याची मोटारीला अजून प्रतीक्षा आहे.

ग्राहक आयोगाकडे का गेला नाहीत, असे मला अनेकांनी विचारले. 1915 या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर मी तक्रार नोंदवली होती. आयोगाचे म्हणावे तर, मोजलेली किंमत 50 लाखांहून अधिक असली की तक्रार जिल्हा आयोगाऐवजी राज्य आयोगाकडे करावी लागते. कायद्यात निकालासाठी तीन महिन्यांची मुदत सांगितली असली, तरी ती प्रत्यक्षात कितपत पाळली जाते हे वकिलांना विचारावे. शिवाय गाडी फर्मच्या नावावर असली की 'ही व्यापारी खरेदी आहे' असा आक्षेप घेतला जातो. कंपनीने संचालकाच्या वापरासाठी घेतलेली गाडी केवळ त्या कारणाने व्यापारी हेतूची ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये स्पष्ट केले आहे. माझ्यासारख्या लहान उद्योजकांनी ते लक्षात ठेवावे. तरीही एका प्लेटसाठी राज्य आयोगाची पायरी चढण्यापेक्षा वाट पाहणे माणूस पत्करतो, आणि हे कंपन्यांनाही ठाऊक असते.

म्हणून माझे म्हणणे राज्य सरकारकडे आहे. मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात 30 लाखांपेक्षा महाग विद्युत गाड्यांवर 6 टक्के कर सुचवण्यात आला होता. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो त्याच अधिवेशनात मागे घेतला. पुढे मे महिन्यात नवे विद्युत वाहन धोरण आले आणि अटल सेतू, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग व समृद्धी महामार्ग यांवर पथकरमाफी जाहीर झाली. जुलै 2025 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचे दालन उघडले आणि सप्टेंबरमध्ये टेस्लाने देशात विकलेली पहिली गाडी परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी स्वतः घेतली. त्यांच्या गाडीला कराडचा दगड लागू नये अशी माझी मनापासून सदिच्छा आहे. पण सरकार सत्तर लाखांच्या गाडीवरचे काही लाख रुपये सोडते, तेव्हा त्या बदल्यात विक्रेत्याकडून काही मागण्याचा अधिकार त्याला निश्चितच आहे.

ज्या कंपनीला आपल्या गाड्या करमाफीत विकायच्या असतील, तिने नेहमी मोडणाऱ्या भागांची यादी परिवहन विभागाकडे द्यावी आणि त्यांचा साठा देशात ठेवल्याचे दरवर्षी प्रमाणित करावे. गाडी दाखल झाल्यापासून सात दिवसांत दुरुस्तीची तारीख लेखी द्यावी. तीस दिवस उलटले तर गाडी परत मिळेपर्यंत पर्यायी गाडी द्यावी, किंवा दिवसागणिक ठरलेली रक्कम. आमच्या डेबिट नोटेचा नमुना हवा असल्यास मी पाठवून देईन. विकलेल्या गाड्यांपैकी किती गाड्या तीस दिवसांहून अधिक काळ कार्यशाळेत उभ्या आहेत हा आकडा तिमाहीला प्रसिद्ध केला, तरी निम्मे काम होईल, कारण गाडी घेणारा माणूस दालनात जाण्यापूर्वी तो वाचेल. केंद्रानेही मार्च 2024 च्या योजनेत 4,150 कोटींच्या गुंतवणुकीच्या मोबदल्यात आयातशुल्क 15 टक्क्यांवर आणण्याची सवलत देऊ केली, तेव्हा देशांतर्गत मूल्यवर्धनाचे टक्के आकड्यांत लिहून घेतले होते. सुट्या भागांच्या साठ्याचेही तसेच आकड्यांत लिहून घेता येईल. हे नियम आज महागड्या गाड्यांसाठी केले तर उद्या कर्ज काढून विद्युत टॅक्सी घेणाऱ्या चालकाच्या कामी येतील. माझी गाडी 137 दिवस उभी राहिली तर मी भाड्याची गाडी करू शकतो. त्याची उभी राहिली तर पहिल्याच महिन्याचा हप्ता चुकतो.

माझ्या गाडीच्या बॅटरीची हमी आठ वर्षांची आहे आणि ती कार्यशाळेत उभी असतानाचे दिवसही त्या आठ वर्षांत मोजले गेले आहेत. हे 137 दिवस हमीत वाढवून द्यावेत, अशी लेखी विनंती मी 2 जानेवारीला कंपनीकडे केली आहे. हे पत्र टपालात टाकेपर्यंत उत्तर आलेले नाही.

आपला नम्र,
शिरोली औद्योगिक वसाहतीतील एक फाउंड्री व्यावसायिक,
कोल्हापूर